बिनमाशांच्या टाकीची मोहीम

वाचणारांनी ध्यान द्यावे. दिवाणखान्यातील खिडकीजवळचा कोपरा कोणी, कोणत्या हिमतीने आणि किती बोलणी खाऊन राखिला, ते घडले तैसेच येथे नमूद केले आहे. कोणी नाक मुरडील तर मुरडो.

राजमान्य राजश्री लिफ्टदुरुस्तीवाले, खासे घरधनी, यांचे चित्तात आले की काचेची टाकी मांडावी, आत हिरवी रोपे लावावी आणि मग मासे सोडावे. परंतु त्याच कोपऱ्यावर सौभाग्यवती मास्तरीणबाईसाहेबांचा दावा होता, की पलंगावर बसून उत्तरपत्रिका तपासता कंबर मोडली, सबब तेथे टेबल पाहिजे. मग उभयतांत तह जाहला: चाळीस दिवसांत टाकीत जिता मासा फिरताना दिसावा, न दिसल्यास टाकी बाहेर, टेबल आत.

मग खाशांनी तळाशी माती पसरिली, आणि चिमट्याने रोपे रोविली, आणि फिल्टरचा व दिव्याचा बंदोबस्त केला, आणि स्वस्थ बसले. कारण या युद्धाची रीत उफराटी. डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंची फौज फिल्टरच्या स्पंजात ठाणे देते, आणि घाण कुजून पाण्यात उठणारे विष खाऊन फस्त करते. ती जमण्याआधी मासा सोडणे म्हणजे त्याचा खून. आठवे दिवशी रोपांची जुनी पाने कुजली, तो ज्यांनी जन्मात एक कुंडी जगविली नाही ते सारे तज्ज्ञ होऊन टाकीपुढे उभे राहिले. मेव्हणे बोलिले, “दाजी, नुसतं पाणीच बघायचं तर बादली काय वाईट होती? दोन मासे टाकून तर बघा!” खाशांनी फर्माविले की जीव ही टाकून बघण्याची वस्तू नव्हे, आणि मेव्हण्यांनी चहा घेऊन निघावे.

सत्ताविसावे दिवशी घात जाहला. खासे कामावर असता मुक्कामास आलेल्या सासूबाईंनी, हातास काम नाही म्हणून, फिल्टर उघडिला, आणि स्पंज साबण लावून नळाखाली पांढराफेक होईतो घासला. सायंकाळी तो अभिमानाने पेश केला: “जावईबापू, किती ती घाण! बघा, कसा लख्ख निघालाय.” सारी फौज गटारात गेली. खासे “छान झाला” इतकेच वदले, आणि न्हाणीघरात जाऊन, नळ मोठा सोडून, बोलायचे ते बोलिले. दोन दिवसांनी टाकीचे पाणी काचेच्या नळीत घेऊन विष तपासण्याचे थेंब टाकिले, तो पिवळे राहावयाचे पाणी हिरवेगार जाहले. विष वाढले.

मग खासे जातीने माशांच्या दुकानी गेले. दुकानदाराने पुसिले, काय पाहिजे? खाशांनी सांगितले, घाण पाहिजे. दुकानदार जाणता, त्याने आपल्या जुन्या टाकीतला काळाकुट्ट स्पंज पिशवीत पाण्यासकट बांधून दिला. खाशांनी ती जंतूंची ताजी कुमक बसमध्ये छातीशी धरिली, आणि शेजारचे उतारू उठून गेले, त्यामुळे बसावयास जागा प्रशस्त मिळाली. सासूबाई गर्जल्या, “आम्ही घरातली घाण काढायची, आणि ह्यांनी दुसऱ्याची मागून आणायची!” त्यावर हुकूम जाहीर झाला की फिल्टरास खाशांखेरीज कोणी हात लावू नये, सासूबाईंनी तर मुळीच नये. तीन दिवस अबोला चालला. फिल्टरास तो फार मानवला.

एकोणचाळिसावे दिवशी नळीतले पाणी पिवळे राहिले. चाळिसावे दिवशी सहा मासे दाखल जाहले, आणि तत्क्षणी रोपांआड दडले ते दडलेच. तहात तर ‘दिसावा’ ऐसे होते. बाईसाहेब मांडीवर उत्तरपत्रिका घेऊन टाकीपुढे पंच म्हणून बसल्या. तास गेला. मेव्हणे टेबलाची लांबी मोजू लागले. इतक्यात पानाआडून नखाएवढा एक मासा बाहेर आला. खाशांनी “तो बघ!” ऐशी आरोळी ठोकिली, आणि मासा पुन्हा आत. बाईसाहेबांनी डोळे वटारिले: “ओरडू नका हो! घाबरतात ना ते.”

येणेप्रमाणे कोपरा सर जाहला. फत्ते खाशांच्या नावे नमूद केली. सांप्रत बाईसाहेब रोज तेथेच खुर्ची टाकून पेपर तपासतात, आणि खाशांस तीन पावलांवरून, काचेवर सावली न पाडता, मासे पाहण्याची परवानगी आहे.