सेकंदाला पाच थेंब

गच्चीवरची टाकी सकाळी काठोकाठ भरावी आणि दुपारी बाराच्या ठोक्याला नळानं कोरडा खोकला काढावा, असं सलग चौथ्या दिवशी घडलं, तेव्हा काकूंनी फर्मान काढलं, "अहो, आतल्या आत कुठंतरी पाणी गळतंय. प्लंबरला बोलवा."

"प्लंबर कशाला?" घड्याळकाका म्हणाले. "मला कान आहेत ना."

आता या कानांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाइकानं घड्याळ पुढं करावं, काकांनी ते कानाशी धरावं आणि झाकण न उघडताच सांगावं, "तिसऱ्या चाकाचा दात झिजलाय." चाळीस वर्षांत हे निदान चुकलेलं नव्हतं. देव माणसाला देणगी देतो खरा, पण ती कुठं वापरायची हे मात्र त्याच्या अकलेवर सोडून मोकळा होतो.

काकांनी लाकडी चमचा घेतला, एक टोक कानाशी नेलं, दुसरं स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर टेकवलं. अकरा वर्षं वाट पाहून काकूंनी महिन्यापूर्वीच या टाइल्स बसवून घेतल्या होत्या. फिकट हिरव्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक नाजूक पान. रोज संध्याकाळी त्या एकेक टाइल पुसत.

"सापडलं," काका कुजबुजले. "टक टक टक. सेकंदाला पाच थेंब." त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "तंतोतंत पाच. इतकी शिस्तीची गळती मी जन्मात पाहिली नाही."

दोन पावलं डावीकडं ऐकलं, तिथंही पाच. वर ऐकलं, खाली ऐकलं, तेच. बघता बघता भिंतीवर लाल पेन्सिलीच्या पाच फुल्या उमटल्या.

"पाच ठिकाणी गळतंय आणि भिंतीला ओल नाही?" काकूंनी विचारलं.

"म्हणून तर तिला छुपी गळती म्हणतात."

"मग आधी तुमच्या दुकानाची भिंत बघा. तिथं टाइल्स नाहीत."

"तिथं गळूच शकत नाही. मी दिवसभर तिथंच बसतो. मला ऐकू आलं नसतं?"

काकू चपला घालून तडक प्लंबरकडं निघाल्या. जाताना बजावून गेल्या, "मी येईपर्यंत माझ्या भिंतीला हात लावायचा नाही."

पण विद्वत्तेला धीर नसतो. काकू परतल्या तेव्हा मधली टाइल जमिनीवर होती, भिंतीत वाटीएवढा खड्डा होता आणि त्यात धूळ होती. पाण्याचा टिपूस नाही. काकूंनी पान असलेला तुकडा उचलून तळहातावर ठेवला. ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं.

प्लंबरनं चमच्यानं ऐकलं. "मला काहीच ऐकू येत नाही, काका."

"त्याला कान तयार असावा लागतो. आण इकडं." काकांनी डाव्या हातात चमचा धरला. "हे बघ. टक टक टक."

प्लंबर काकांच्या हाताकडं पाहत राहिला. मग अदबीनं म्हणाला, "जरा मनगटावरचं घड्याळ काढून ऐकता?"

"त्याचा काय संबंध?"

"काढा तर खरं."

काकांनी घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं, पुन्हा चमचा टेकवला. भिंत मुकी. दुसऱ्या फुलीवर टेकवला. मुकी. पाचही फुल्या मुक्या. चाळीस वर्षं जे मनगटावर अखंड टकटकतंय, ते कानाला ओळखूच येईनासं होतं. (देवाच्या बाबतीतही आपलं असंच होत असावं, पण तो विषय वेगळा.)

प्लंबरनं टाकी भरली, घरातले सगळे नळ बंद केले आणि टाकीत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची रेघ मारली. तासाभरात पाणी दोन बोटं उतरलं. मग स्वयंपाकघराच्या पाइपचा कॉक बंद करून नवी रेघ मारली, तरी पाणी उतरलंच. न्हाणीघराचा कॉक बंद केला, तेव्हा कुठं पाणी जागचं हललं नाही.

"न्हाणीघराचा पाइप कुठून जातो?"

काकांचा आवाज बारीक झाला. "माझ्या दुकानातून. कपाटामागून."

कपाट सरकवलं. मागं ताटाएवढी ओल, गिलावा बोटानं निघत होता. आत पाइपच्या जोडावरून पाणी झिरपत भिंतीतून खाली जमिनीत मुरत होतं. काकांनी कान लावला. "याला आवाजच नाही रे."

"खरी गळती बहुतेक मुकीच असते, काका. कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवत जा, म्हणजे ओल दिसते. आणि तीन महिन्यांतून एकदा टाकीत ती रेघ मारून बघत जा."

संध्याकाळी जोड बदलला, नळ सुरळीत झाले. राहिली ती टाइल. काकांनी चार दिवस गावातलं एकेक दुकान पालथं घातलं, पण ते नाजूक पान आता कुणी बनवत नव्हतं. पाचव्या दिवशी ते मान खाली घालून घरी आले.

"मिळत नाही गं. त्या खड्ड्यावर काहीतरी टांगू या. माझ्याकडं लंबकाचं एक सुरेख..."

बोलता बोलता त्यांनी भिंतीकडं पाहिलं. खड्ड्यावर अगदी नेमकं एक घड्याळ टांगलेलं होतं. प्लास्टिकचं. बॅटरीवरचं. बाजारातलं.

"घड्याळजीच्या घरात हे?" काकांनी विचारलं.

"याचा आवाज येत नाही," काकू बाजूची टाइल पुसत म्हणाल्या. "आणि याला तुम्ही हात लावायचा नाही."

"अगं, पण ते सात मिनिटं पुढं आहे."

"असू दे. ताटं घेतलीत, बसा."

काकांची बोटं शिवशिवली. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, काकूंकडं पाहिलं आणि हात धुवायला गेले. तेव्हापासून चाळीस वर्षं मुरलेले हे घड्याळजी रोज सात मिनिटं आधीच दुकान बंद करतात आणि बिनतक्रार पानावर येऊन बसतात.