कोवेभाऊ आणि कुंडीतली चिलटं

आमचे शेजारी कोवेभाऊ कुणाच्याही घरी गेले की पाणी पीत नाहीत, आधी पाणी ओतून टाकतात. कूलरच्या टाकीतलं, कुंडीखालच्या ताटलीतलं, फ्रिजच्या मागच्या ट्रेमधलं. असा ट्रे असतो हेच गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांच्याकडून कळलं. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात की हे टॉर्च घेऊन फ्रिजमागे वाकलेले. जाताना खिशातून खडू काढून दाराच्या चौकटीवर तारीख घालतात, म्हणजे घर तपासलं. गडचिरोलीत एवढ्या तारखा अंगावर घेऊन उभी असलेली दुसरी गल्ली नसेल.

कोवेभाऊंनी तीस वर्षं मलेरियाच्या कामात काढली, तीही एटापल्ली-भामरागडकडच्या आतल्या गावांत. निवृत्त झाले, पण खडू सुटला नाही आणि भाषाही सुटली नाही. कशाचंही गाऱ्हाणं सांगा, त्यांचा पहिला शब्द ठरलेला: "हिस्ट्री सांगा." माझ्या नवऱ्याची स्कूटर बंद पडली तेव्हा तिचीसुद्धा हिस्ट्री घेतली होती. लग्नाच्या आहेरात पिशवीभर पाण्यातून गप्पी मासे देणारा माणूसही मी दुसरा पाहिला नाही. खरं सांगते, मला त्यांचा वैताग यायचा. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या. माझं घर कुणी तपासलेलं मला खपत नाही.

तरी यंदा मलाच त्यांच्या दारी जावं लागलं.

झालं असं, की माझी मुलगी श्वेता बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली. चांगले तीन महिने दोघी राहणार म्हणून मी हवेत होते. आणि नेमकी तेव्हाच माझ्या बैठकीतल्या तेवीस कुंड्यांमधून चिलटं उठली. चहात चिलट, वरणात चिलट, बोलायला तोंड उघडावं तर तोंडात चिलट. नात झोपली की तिच्या नाकाशी दोन-तीन घिरट्या घालायचीच. श्वेता तशी शांत पोर, पण बाळाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक बसलेलं दिसलं आणि तिनं बॅग बाहेर काढली. म्हणाली, "आई, पंधरा दिवस पाहतो. नाई गेले तर मी राजुऱ्याला चालली." राजुरा म्हणजे तिचं सासर.

झाडं बाहेर ठेवावी तर माकडं फस्त करतात. फेकून द्यायची माझी तयारी होती, नातीपुढे मनी प्लांटची काय किंमत? पण हात धजेना. श्वेता लग्न होऊन गेली त्या वर्षी घर खायला उठायचं, तेव्हा एकेक करून ही झाडं मी आणली होती. ज्यांनी मला तिच्यामागे सांभाळलं, त्यांच्यामुळेच ती निघून जाणार, हे मला सहन होत नव्हतं. धूप झाला, कापूर झाला, कडुलिंबाचा पाला झाला. धुऊन निघतील म्हणून मी पाणीही वाढवलं. चिलटं दुप्पट झाली.

कोवेभाऊ आले. हिस्ट्री झाली. मग त्यांनी मातीत बोट खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि चिखलानं भरलेलं ते बोट माझ्यापुढे धरलं. पाणी किती वेळा, असं विचारलं. सकाळ-संध्याकाळ, मी अभिमानानं सांगितलं. शिवाय रोजचं तांदळाचं धुवण, आणि खत म्हणून चहाचा चोथा.

"बाई," ते म्हणाले, "मनी प्लांट हाये हे. तुम्ही त्याची धानशेती करून राह्यल्या."

नवरा हसला. त्याच्याकडे मी नंतर पाहिलं. पण माझं माहेर नागभीडचं, बांधात पाणी उभं दिसलं नाही तर आमच्याकडे घरात कुणाला जेवण जात नाही. झाड म्हणजे पाण्यात पाय सोडून बसलेलं, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून बसलंय. ते एका वाक्यात उपटून निघालं.

मग त्यांनी समजावलं. उडणारं चिलट चावत नाही, त्याच्यामागे धावून उपयोग नाही. खरी वस्ती खाली. ओल्या मातीत कुजकं खाऊन अळ्या वाढतात, वरची माती कोरडी पडली की मरतात. म्हणून पाणी बंद, चोथा बंद, धुवण बंद. मातीवर बोटभर धुतलेली रेती. वर उडणाऱ्यांसाठी पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल तेल लावून कुंडीत उभा करायचा, ती त्याला जाऊन चिकटतात. आणि रेती जरा बाजूला सारून प्रत्येक कुंडीत आलूची एक चकती मातीवर ठेवायची. अळ्या तिच्या खाली गोळा होतात, सकाळी उलटून मोजायच्या.

त्यांनी तेवीस कुंड्यांवर खडूनं नंबर घातले. रोज सकाळी येऊन, चष्मा कपाळावर चढवून, भिंग डोळ्याला लावून चकत्या तपासू लागले. संध्याकाळी पुठ्ठे. जुन्या वहीत सगळं उतरवत. चौथ्या दिवशी पानं जरा मलूल दिसली आणि मला राहवेना. नऊ नंबरला मी लपून अर्धा तांब्या घातला. दुसऱ्या दिवशी चकती उलटताच त्यांनी मान वर केली आणि नऊ नंबरले पाणी कोणं देल्लं म्हणून विचारलं. मी नवऱ्याचं नाव सांगितलं. त्यांनी वहीत माझं लिहिलं.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. माणूस दिवसातून दोनदा यायचा, पण बाळाकडे एकदाही पाहायचा नाही. श्वेता तिला घेऊन बैठकीत आली की यांची मोजणी अर्धी राहायची, चपला पायात अडकवून हे दाराबाहेर. श्वेता म्हणाली, काकांना लहान मुलं आवडत नसतील. मी वरवर सोड म्हटलं, पण मनातून मला राग आला होता. असली गोड पोर, तिच्याकडे बघायला काय जातं?

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी तेवीसच्या तेवीस चकत्या उलटल्या. एकाही चकतीखाली अळी नव्हती. पुठ्ठ्यांवर मिळून दोन चिलटं, तीही वाळलेली. श्वेतानं सगळं स्वतः वाकून पाहिलं, आत गेली आणि बॅगेतले बाळाचे कपडे काढून परत कपाटात लावले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि छातीवरचा धोंडा उतरला होता.

बाहेर आले तर श्वेता बाळ घेऊन कोवेभाऊंसमोर उभी. तुमच्यामुळे ही इथं राहिली काका, घ्या तिला, असं म्हणत होती. ते मागं सरकत सरकत भिंतीला टेकले होते.

"नको ना, पोरी. रडन ते," ते म्हणाले. "मी गावात शिरलो का लेकरं पळत. सुईवाला आला म्हणत. रक्त पाहासाठी ज्याले धरलं त्याले टोचलंच. माह्यं सोताचं पोट्टं गोंडपिपरीले मामाजवळ वाढलं. मी सुट्टीत गेलो का ते पलंगाखाली जाऊन बसे." मग म्हणाले, "तीस वर्षं लेकरांले हात लावला तो तापातच. ताप नसलेलं लेकरू मी कधी घेतलंच नाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला माझीच लाज वाटली. श्वेतानं त्यांना सतरंजीवर बसवलं. त्यांनी हात धुवायला साबण मागितला, दोनदा हात धुतले, आणि मांडी घालून बसले. तिनं बाळ मांडीत ठेवलं. सवयीनं त्यांचा पालथा हात तिच्या कपाळावर गेला आणि तिथंच राहिला.

"थंड हाये," ते म्हणाले.

नातीनं त्यांच्या मिशांकडे जरा वेळ पाहिलं, जांभई दिली आणि झोपली. ते हलले नाहीत. चहा आणू का विचारलं, तर आवाजानं ती उठेल म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. अर्धा तास झाला, त्यांच्या पायाला मुंग्या आल्यात हे दिसत होतं, म्हणून श्वेता तिला घ्यायला वाकली.

"राहू दे थोडं," ते अगदी हळू म्हणाले. "झोपून राह्यली ना."