महिनाभर टिकलेलं हॅम

लेखापालांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती: पाकिटावरची तारीख बघून घाबरणारी आणि देवाने नाक दिलेली. ते स्वतः अर्थातच नाकवाले.

"हॅमचे काप एकदा पाकीट फोडलं की फ्रीजमध्येसुद्धा तीन ते पाच दिवसच ठेवावेत," बायको सांगून थकली. "बिघडलं तरी वास येईलच असं नाही."

"कंपन्यांचा कावा आहे तो. आपण फेकायचं, त्यांनी विकायचं."

कावा उघडा पाडायला त्यांनी प्रयोग मांडला. एक पाकीट फोडून त्यावर जाड अक्षरात तारीख घातली आणि रोज सकाळी त्यातले दोन काप पावात घालून खाऊ लागले. महिना उलटला. लेखापाल टुणटुणीत!

एवढा पुरावा घरातच कुजवायचा म्हणजे पाप. लेखापाल ऑफिसच्या कॅन्टीन कमिटीचे हंगामी अध्यक्ष होते. मोठे साहेब पाहणीला येणार होते आणि ते खूश झाले तर खुर्ची कायमची होणार होती. लेखापालांनी फर्मान काढलं: हॅम टाकायचं नाही, वास घ्यायचा.

"साहेब, हे फोडून पंधरवडा झाला," आचारी म्हणाला.

"माझ्या घरचं महिन्याचं आहे."

"तुम्ही अध्यक्ष," आचारी म्हणाला, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःचा घरून आणलेला डबा उघडला.

मोठ्या साहेबांनी सँडविच खाल्लं, काटकसरीचं कौतुक केलं आणि आणखी एक मागून घेतलं. साथ द्यायला लेखापालांनीही दोन खाल्ली. दुसऱ्या दिवशी हिशेब खात्यात खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. माणसं स्वच्छतागृहाच्या रांगेत होती. संध्याकाळपर्यंत निम्मं ऑफिस दवाखान्यात पोचलं.

बायको आली तेव्हा लेखापाल सलाइन लावून छताकडे बघत होते. "ऑफिसचा फ्रीजच भिकार असणार," ते क्षीण आवाजात म्हणाले. "घरी महिनाभर खाल्लं, साधा ढेकर नाही आला."

"घरी पाकीट महिन्याचं होतं. हॅम दर तीन दिवसांनी मी बदलत होते."

"काय?"

"मग काय, तुम्हाला मरू देऊ? जुने काप फेकायचे, ताजे त्याच पाकिटात भरायचे. अहो, रोज दोन काप खाऊन ते पाकीट संपत कसं नाही, हे तरी मनात यायचं. लेखापाल ना तुम्ही?"

लेखापालांनी बराच विचार केला.

"मला वाटलं, बचत होतेय."

बायकोने कपाळावर हात मारला. लेखापाल घाईने कुजबुजले, "हळू बोल. पलीकडच्या खाटेवर मोठे साहेब आहेत."

"ऐकलंय मी सगळं," पडद्यामागून खोल गेलेला आवाज आला. "वहिनी, आमचं कॅन्टीन तुम्ही बघाल का?"

"बघेन की. पण आधी तो फ्रीज रिकामा करावा लागेल."

"करा. खुर्ची रिकामी झालेलीच आहे."