पोटाचा बंदोबस्त

घरातली विजेची किटली प्रवासाला बरोबर न्यायची, हा निर्णय माझा होता. निर्णय तसा लहानच. घरात मोठे निर्णय बायको घेते, माझ्याकडे किटली, छत्री आणि कुलूप एवढीच खाती आहेत. पण पुढे जे काही झालं ते सगळं त्या किटलीतूनच बाहेर पडलं, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

बायको पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. शहराच्या नळाला येणारं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे ती सांगते. (घरात काय पिण्याजोगं आहे तेही तीच सांगते.) त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या खुर्चीसाठी दोनच माणसं शर्यतीत होती. एक बायको. दुसरा तिचा एक सहकारी, ज्याला आमच्या घरात गोडबोल्या म्हणतात. तो वरच्या साहेबांच्या नातवाचं सर्दी-पडसंसुद्धा विचारतो. बायकोला हे जमत नाही, तिला फक्त काम जमतं. अशा परिस्थितीत एका उष्ण देशातल्या पाणीवाल्यांच्या परिषदेत भाषण करायला तिला बोलावणं आलं आणि साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "भाषण नीट झालं तर खुर्ची तुमची. पण माणसं झोपली नाही पाहिजेत."

विषय होता, उकळलेलं पाणी घरात पुन्हा खराब कसं होतं. ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर सराव करायची. मी ते भाषण मन लावून ऐकलं, म्हणजे पहिली दोन वाक्यं. तिसऱ्या वाक्यापर्यंत मला कोणीही जागं पाहिलेलं नाही. साहेबांची भीती रास्त होती.

परिषदेवाल्यांनी घरच्या माणसांनाही यायला परवानगी दिली होती, म्हणून मी निघालो. सासरेबुवाही निघाले, कारण ते पंचाहत्तरीत एकटे घरी राहिले तर काय खातील याची बायकोला काळजी. तिथे काय खातील याची काळजी मला.

गरम देशात गेलेल्या माणसाचं पोट बिघडतं, हे मी ऐकून होतो. ऐन भाषणाच्या दिवशी बायकोचं पोट बिघडलं तर खुर्ची गोडबोल्याच्या घशात जाणार होती. तेव्हा पोटाचा बंदोबस्त मी माझ्याकडे घेतला. बायको म्हणाली, "अहो, पाणी हा माझा विषय आहे." मी म्हणालो, "पाणी तुझा विषय असेल, पोट माझा विषय आहे." माझ्या पोटाकडे पाहून तिने हे कबूल केलं.

मी नियम केले. कच्चं खायचं नाही. कापून ठेवलेलं फळ घ्यायचं नाही, आपण सोलू तेच खायचं. बर्फाकडे बघायचंसुद्धा नाही. दातसुद्धा उकळलेल्या पाण्याने घासायचे. औषधांची एक पिशवी भरली, त्यात पोट थांबवायच्या गोळ्या होत्या, पोट चालू करायच्या गोळ्या होत्या आणि दोन्हींपैकी काय घ्यावं हे न कळल्यास डोकं दुखतं, त्याच्याही गोळ्या होत्या. सासरेबुवांनी पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, "जावईबापू, परत यायचं आहे ना आपल्याला?"

तिथे उतरलो तर विमानतळाच्या दाराबाहेर कोणीतरी भट्टीचं झाकण उघडून ठेवल्यासारखं ऊन. हॉटेलात पोहोचल्यावर माणसं आधी अंघोळ करतात, मी आधी किटली लावली. पाणी खळाखळा उकळलं की बाटल्यांत ओतायचं, बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर गार करत ठेवायच्या आणि गार झाल्या की वाटायच्या. गार झाल्या की नाही हे मी अर्थातच बोट घालून बघत होतो.

या बोटाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी रंगाच्या कारखान्यात माल तपासतो. रंगाचा डबा उघडायचा, उजव्या हाताची तर्जनी बुडवायची, वर काढायची, अंगठ्यावर घासायची आणि रंग पातळ आहे की जाड ते सांगायचं. कारखान्यात त्यासाठी यंत्र आहे. पण यंत्र आणि माझं बोट यांच्यात मतभेद झाला तर यंत्र दुरुस्तीला पाठवतात. त्यामुळे द्रव पदार्थ दिसला की माझं बोट आपसूक त्यात जातं. चहा, आमटी, रंग, काही असो. मी ते घालत नाही, ते जातं.

बायकोने माझं पाणी एकदाच तोंडाला लावलं आणि कोमट लागतं म्हणून बाटली खाली ठेवली. परिषदेत सीलबंद बाटल्या मिळतात, त्याच पिईन म्हणाली. मला वाईट वाटलं. माणूस घरदार सोडून किटलीपाशी बसतो आणि लोकांना गारवा हवा असतो.

सासरेबुवांनी तर पहिल्याच दिवशी नियमांचा निकाल लावला. हॉटेलसमोर एक तळणवाला गाडी लावायचा. सासरेबुवा तिथे उभे राहायचे, डोळ्यांदेखत कढईतून निघालेलं गरमागरम घ्यायचे, फुंकर मारत खायचे आणि हात पुसत परत यायचे. खायच्या आधी मात्र खिशातली साबणाची वडी काढून गाडीजवळच्या नळावर हात धुवायचे. मला हसू यायचं. रस्त्यावरचं तळलेलं खाणारा माणूस साबण बाळगतो, ही गोष्ट मी बायकोला दोनदा सांगितली. मी सासरेबुवांना सांगितलं की तुम्ही अंथरूण धरणार आहात. त्यांनी मला एक तुकडा देऊ केला. मी तो दोन बोटांनी परत केला, आणि खोलीत येऊन माझं केळं नियमाप्रमाणे सोललं, माझं पाणी नियमाप्रमाणे बोट घालून प्यायलो. दिवसभर जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं आणि रस्त्यावरच्या नोटा हाताळून आलेलं ते बोट, पण तेव्हा हे माझ्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. उकळलेलं पाणी ते उकळलेलं पाणी.

भाषणाच्या दिवशी पहाटे मला जाग आली ती पोटात कोणीतरी सामान हलवत असल्यासारखी. मी उठलो, न्हाणीघरात गेलो आणि तिथेच माझा मुक्काम पडला. बाहेर येऊन पलंगापर्यंत पोहोचायचो, टेकायचो, आणि पुन्हा बोलावणं. तिसऱ्या खेपेनंतर मी चप्पल काढायचं सोडून दिलं.

आता खोलीत न्हाणीघर एकच होतं आणि भाषण बायकोचं होतं. ती टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी. तिने शांतपणे विचारलं, किती वेळ लागेल. मी आतून म्हणालो की माझ्या हातात असतं तर सांगितलं असतं. शेवटी ती सासरेबुवांच्या खोलीत अंघोळीला गेली. ते ताजेतवाने बसून पेपर वाचत होते, असं तिने परत आल्यावर सांगितलं. या वेळी हे सांगायची गरज नव्हती.

मला मात्र संशय होता तो त्यांच्यावरच. गाडीवरच्या त्या पदार्थांच्या नुसत्या वासाने माझं पोट गेलं असणार, असं मी म्हणालो. मग औषधांची पिशवी ओढली आणि पोट थांबवायच्या गोळ्या मूठभर काढल्या. बायकोने मूठ उघडली आणि गोळ्या काढून घेतल्या.

"अंगात कणकण आहे तुमच्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी नाही."

तिने हॉटेलवाल्याला सांगून डॉक्टरांना बोलावलं. मग खुर्चीवर बसली, भाषणाचे कागद मांडीवर घेतले आणि म्हणाली, "मी त्यांना कळवते, मला जमणार नाही म्हणून."

खरं सांगतो, त्या क्षणी मला पोटापेक्षा जास्त दुसरीकडे कुठेतरी कळ आली. एवढी वर्षं ती बाटल्या हलवत, काचेतून डोळे दुखेस्तोवर बघत राहिली होती. गोडबोल्या हसत हसत त्या खुर्चीत बसेल आणि कारण काय, तर माझं पोट. मी म्हणालो, "तू जा. माझी काळजी करू नकोस." हे वाक्य नवरे ज्या आवाजात म्हणतात त्याच आवाजात म्हणालो, म्हणजे ऐकणाऱ्याला जाता येऊ नये अशा. ती उठलीच नाही.

डॉक्टर आले. मध्यम वयाचे, घाईतले, रोज असे पाहुणे बघून कंटाळलेले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, ताप पाहिला, रक्त पडतंय का विचारलं. नाही म्हणाल्यावर निश्चिंत झाले. मग विचारलं, "बाहेरचं काय खाल्लंत?"

"काहीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"पाणी?"

"उकळलेलं. स्वतः उकळलेलं."

"बर्फ?"

"बघितलासुद्धा नाही."

डॉक्टर विचारात पडले. "मग पाणी गार कसं करता?"

"बाटलीत भरून खिडकीत ठेवतो."

"गार झालं हे कसं कळतं?"

बोलायची वेळच आली नाही. बाजूच्या स्टुलावर आदल्या रात्री भरलेली उघडी बाटली होती, आणि डॉक्टर बोलत असताना माझी तर्जनी आपसूक तिच्या तोंडात गेली होती. डॉक्टरांनी ते पाहिलं. बायकोनेही पाहिलं.

"नळाचं पाणी बरं होतं यापेक्षा," डॉक्टर म्हणाले.

मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, आता रागावेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नाच्या वेळी मी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं तेव्हाही ती माझ्याकडे बघून इतकी खुलली नव्हती. ती उठली, पलंगाजवळ आली, वाकली आणि माझा उजवा हात हातात घेतला. मला गहिवरून आलं. तिने हात उजेडाकडे वळवला, बाकीची बोटं मिटली, मोबाइल काढला आणि तर्जनीचा फोटो घेतला. मग स्टुलावरच्या बाटलीला झाकण लावलं, ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि वडिलांना हाक मारली.

"बाबा, ह्यांच्यापाशी बसा. मी निघते."

"अगं, पण मी असा..." मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणालात ना, तू जा?" आणि ती गेली. कागद खुर्चीवरच राहिले.

डॉक्टरांनी साखर-मिठाच्या पुड्या दिल्या. सीलबंद बाटलीतल्या पाण्यात कालवून घोट घोट देत राहा, एकदम ढोसू देऊ नका, भूक लागली की साधा भात, केळं. ताप चढला, रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर लगेच बोलवा, नाहीतर झोपू द्या. हे सगळं त्यांनी माझ्याकडे पाठ करून सासरेबुवांना सांगितलं. जाताना माझ्याशी हात मिळवला नाही.

सासरेबुवांनी आधी स्वतःचे हात साबणाने धुतले. मग माझे धुतले, बोट दोनदा. नंतर वाटी-चमचा घेऊन बसले आणि दर चमच्यागणिक मला गोष्टी सांगू लागले. गोष्टी सगळ्या गाडीवरच्याच. आज कढईत काय होतं, ते बाहेरून कसं कुरकुरीत होतं, आत कसं मऊ, तळणवाला तेल कसं निथळतो. माझ्या पोटात काही उरलं नव्हतं, पण जे नव्हतं तेही हलत होतं. मध्येच त्यांनी सहज विचारलं, "काय जावईबापू, अंथरूण कोणी धरायचं ठरलं होतं?" मी पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

बायको दुपारी परतली. पर्स फेकली, पलंगावर बसली आणि हसत सुटली. भाषण तिने कागदावाचूनच केलं होतं. टेबलावर ती बाटली ठेवली, मागच्या पडद्यावर माझ्या बोटाचा फोटो लावला (पडदा भिंतीएवढा होता, नखसुद्धा परातीएवढं दिसत होतं) आणि सांगितलं, "आज सकाळपर्यंत माझ्याकडे आकडे होते, आता नवरा आहे." किटलीपासून सगळं सांगितलं. एकही माणूस झोपला नाही. शेवटी टाळ्या थांबेनात. अध्यक्ष म्हणाले की उकळलेलं पाणी बिघडतं कसं हे आम्ही इतकी वर्षं लिहितो, पण ते आज दिसलं. साहेबांना तिथूनच फोन गेला. खुर्ची तिची झाली होती.

मला खूप आनंद झाला. खरंच झाला. मी तिचं अभिनंदन केलं आणि लगबगीने न्हाणीघरात गेलो.

निघायच्या आदल्या दिवशी परिषदेचं जेवण होतं. मी बरा झालो होतो, कपडे सैल झाले होते. दारातून आत शिरलो आणि परिषदेच्या माणसांनी बायकोला विचारलं, "हेच का ते?" ती अभिमानाने हो म्हणाली. दर वेळी समोरचा माणूस माझ्या चेहऱ्याकडे न बघता उजव्या हाताकडे बघायचा आणि लांबूनच नमस्कार करायचा. आमच्या टेबलावरचा पाण्याचा जग वाढप्याने अदबीने उचलून बायकोच्या पलीकडे ठेवला. अध्यक्षांनी मात्र मला आग्रहाने पहिल्या रांगेत उभं केलं आणि सगळ्यांबरोबर फोटो काढवला. फोटोवाला म्हणाला, जरा बोट वर करा. मी केलं. इतका मान मला रंगाच्या कारखान्यातही मिळालेला नाही.

तो फोटो आता बायकोच्या नव्या केबिनमध्ये, तिच्या खुर्चीच्या मागे लावलेला आहे. मधोमध ती, शेजारी अध्यक्ष, आणि हातात बशी घेतलेले सासरेबुवा. आणलेली फ्रेम जरा लहान निघाली, म्हणून फोटो एका बाजूने कापावा लागला. ती बाजू माझी होती. बोट तेवढं आत बसलंय.