शिरवळपर्यंत पुरणारी बॅटरी

आमच्या गल्लीत बॅटरीच्या कपाळाला हात लावून ताप बघणारा माणूस एकच. अप्पा. बाजारातून आले की स्कूटर स्टँडला लावतात, सीट उचलून बॅटरी बाहेर काढतात, ओट्यावर ठेवतात आणि तिच्यावर उलटा हात ठेवून डोळे मिटून उभे राहतात. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, काही प्रार्थना चालली आहे. म्हणून मीही हात जोडून थांबलो.

"सर, हात कशापायी जोडलासा?" अप्पांनी एक डोळा उघडून विचारलं. "गरम हाय का बघतोय. आत्ता लगेच चार्जिंगला लावली तर आजारी पडंल. निवू दे तिला."

अप्पा एसटीचे ड्रायव्हर. उभा जन्म डिझेलच्या गाड्यांवर गेला आणि रिटायर झाल्यावर घेतली ती मात्र विजेची स्कूटर. आष्ट्यात तेव्हा अशा गाड्या नवीन होत्या. गल्लीतल्या प्रत्येकाने विचारलं, अप्पा, ही का घेतली? अप्पांचं सगळ्यांना एकच उत्तर, "वास न्हाई." लोक हसले. गाडी काय वास बघून घेतात होय?

पण खरी करमणूक पुढे सुरू झाली. बॅटरीला ऊन लागता कामा नये असं अप्पांना दुकानदाराने सांगितलं होतं. अप्पांच्या दारात एक कडुलिंबाचं झाड. सकाळी त्याची सावली भिंतीकडे, दुपारी नळाकडे आणि संध्याकाळी थेट आमच्या फाटकात. स्कूटर त्या सावलीबरोबर दिवसभर हिंडायची. एकदा आमच्याकडे सत्यनारायण होता. कथा ऐन रंगात आली होती, भटजींनी नुकता आवाज चढवला होता, आणि अप्पा ताडकन उठले. "सावली सरकली!" एवढं ओरडून ते पळत सुटले. निम्मी मंडळी काय झालं म्हणून त्यांच्यामागे धावली. भटजी पोथीत बोट घालून बसून राहिले.

दुसरा नियम ऐंशीचा. रोजच्या वापराला बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरायची, गच्च भरायची नाही, आणि अगदी रिकामी तर कधीच होऊ द्यायची नाही. हा नियम त्यांना इतका पटला की तो त्यांनी माणसांनाही लावला. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की पानावर आडवा हात धरायचे. "ऐंशी झालं. बास." मला रक्तदाब आहे हे कळल्यापासून तर माझ्या ताटावरही त्यांची नजर असायची.

"आणि लाडवाच्या टायमाला कसं शंभराला जातंय म्हणते मी," आतून शालनकाकी म्हणायच्या. काकी म्हणजे अप्पांची बायको. बारीक चणीची, बोलायला कमी, पण बोलली की नेम चुकायचा नाही.

कोपऱ्यावरचा किराणा दुकानवाला पोपट एकदा स्कूटर मागून घेऊन गेला. परत आणली तेव्हा बॅटरी तळाला गेलेली आणि तापलेली. बिचाऱ्याने चांगुलपणाने ती लगेच चार्जरला जोडली. अप्पांनी पिन उपसली, पोपटला ओट्यावर बसवलं आणि बॅटरी निवेपर्यंत सोडलंच नाही. तोवर चार्जर मूळचाच का वापरायचा, गादीवर बॅटरी का ठेवायची नाही, पंधरा अँपिअरचं सॉकेट आणि अर्थिंग म्हणजे काय, सगळं ऐकवलं. दुकानात गिऱ्हाइकं पोपटच्या नावाने हाका मारत होती.

"अप्पा, जाऊ का आता?" पोपट रडकुंडीला आला.

अप्पांनी बॅटरीवर हात ठेवला. "अजून कोमट हाय. बस."

आम्ही सगळे अप्पांना हसत होतो. ते एवढं का जपत होते ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

शालनकाकींना गाडी लागायची. म्हणजे इतरांना लागते तशी नव्हे. डिझेलचा, पेट्रोलचा नुसता वास आला तरी त्यांच्या पोटात ढवळायचं. लग्नाच्या वऱ्हाडात एसटीतून आष्ट्याला येताना नवरी निम्म्या वाटेत उतरवावी लागली होती आणि उरलेल्या रस्त्याला बैलगाडीत बसवून आणली होती. अप्पांनी हजारो माणसं इकडून तिकडे नेली, पण बायको त्यांच्या गाडीत कधी बसली नाही. मुलगी मंगल शिरवळला दिली. नवराबायको दोघं तिथल्या कारखान्यात कामाला. मंगल दिवाळीला यायची, अप्पा मधूनमधून एकटे जाऊन यायचे. काकींनी लेकीचं घर बघितलेलं नव्हतं.

स्कूटर आल्यावर काकी मागे बसायलाच तयार नव्हत्या. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला इस्लामपूरला जायचं म्हणून बसल्या. पदर नाकाशी, हातात लिंबू. परत आल्या तेव्हा मी फाटकाशीच होतो. काकी उतरल्या, हातातल्या लिंबाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अवं, काईच न्हाई झालं."

"काय म्हनलीस?" अप्पा म्हणाले.

"काईच न्हाई झालं मला."

"पुन्यांदा म्हन."

काकी हसल्या. मग पायरी चढता चढता वळून म्हणाल्या, "शिरवळ किती लांब हाय वं?"

त्या दिवसापासून अप्पांच्या अंगात वारं शिरलं. कुठल्या चढाला बॅटरी किती खाते, दोघं बसल्यावर किती पुरते, सावकाश चालवली तर किती वाचते, याचे प्रयोग सुरू झाले. पेठ नाक्यापर्यंत जायचं, परत यायचं. सांगलीला जायचं, परत यायचं. आणि थंडी सरत आली तशी एक दिवस सकाळी अप्पा माझ्याकडे आले.

"सर, तुमची मोटारसायकल घेऊन संगं यायचं. ब्रेकडाऊन व्हॅन म्हनून."

"काकींना माझ्या पेट्रोलचा वास येईल की."

"लांब ऱ्हायचं. वारं बघून चालवायची. वारं पुढं जात आसंल तर आनखी मागं पडायचं."

शाळेला सुट्टी होती. मी गेलो. आयुष्यात इतकी अवघड मोटारसायकल मी चालवलेली नाही. वारं बघायला एका हाताने रुमाल उडवत होतो. पुढे अप्पा ताठ बसलेले आणि मागे काकी, मांडीवर भाकरीचं गाठोडं, मान डावीकडे उजवीकडे भिरभिरत असलेली. दर थोड्या वेळाने काकींचा हात वर जायचा, कुठेतरी बोट दाखवायचा, आणि अप्पांचं डोकं तिकडे वळायचं.

कऱ्हाडला अप्पांच्या जुन्या कंडक्टरचं घर होतं. त्याने हौसेने सॉकेट दाखवलं. अप्पांनी बॅटरी त्याच्या माजघरात फरशीवर ठेवली आणि हात लावून बसले. "निवू दे तिला." मग जेवण, मग चार्जिंग, मग गप्पा, आणि दिवस मावळायच्या आत आम्ही साताऱ्याला माझ्या चुलतभावाकडे मुक्कामाला पोचलो. काकींना एकदाही मळमळलं नव्हतं. माझी वहिनी पाणी घेऊन आली तर काकी तिला म्हणाल्या, "आष्ट्यास्नं आलो आमी. गाडीवरनं!" जणू विमानातून उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा. अप्पांनी ऐंशीचा नियम मोडला आणि बॅटरी गच्च भरून घेतली. खंबाटकी घाटाचा चढ लागायच्या आधी चहाच्या टपरीवर थांबलो. अप्पांचं तोंड उतरलं होतं.

"चढाचं टेन्शन आलंय का?" मी विचारलं.

"चढाचं न्हाई. बोगद्याचं." ते हळू आवाजात म्हणाले. "आत ट्रकचा धूर कोंडतोय. मला जन्मभराचं ठावं हाय. हिला सोसंल?"

काकींनी ते ऐकलं. त्यांनी पदर भिजवून नाकातोंडाला घट्ट बांधला, त्यात लिंबाची फोड कोंबली आणि जाऊन सीटवर बसल्या. "चला. बसलेय मी."

अप्पा ट्रकांची रांग जाऊ देत थांबले. बस, कंटेनर, उसाचा ट्रॅक्टर, पुन्हा ट्रक. मध्येच रस्ता मोकळा झाला तसे ओरडले, "डबल बेल!" आणि गाडी सुटली. चढाला ती कण्हली नाही, धापली नाही. बोगद्याच्या तोंडात दोघं दिसेनाशी झाली. मी बरंच मागे होतो. आत शिरलो तर माझाच घसा जळायला लागला. पुढून काकींचा आवाज घुमत येत होता, "अवं चला, अवं चला, अवं चला!"

बाहेर आलो आणि बघतो तर स्कूटर कडेला उभी. काकी वाकलेल्या. अप्पा त्यांची पाठ धरून. इतक्या लांब येऊन शेवटी व्हायचं ते झालं! मी गाडी लांबच लावून धावत गेलो.

काकी हसत होत्या. हसून हसून वाकल्या होत्या. एक पाय अनवाणी.

"चप्पल ऱ्हायली की आत!" त्या कशाबशा म्हणाल्या.

"मी आनू व्हय ती?" अप्पा भलतेच चिडले होते आणि त्यांच्याही पोटात हसू मावत नव्हतं. "डोकं फिरलंय काय तुजं! बस गुमान!"

पुढे उतार. अप्पांनी गाडी सावकाश सोडली आणि थोड्याच वेळात त्यांची आरोळी रस्ताभर गेली, "वाढली! सर, एक टक्का वाढली!" उतारावर बॅटरी आपसूक जरा भरते म्हणे. शेजारून जाणाऱ्या कारमधल्या बाईने काच खाली करून बघितलं. अप्पांनी तिलाही सांगितलं, "वाढली!"

शिरवळला मंगलचं घर दुसऱ्या मजल्यावर. अप्पा येणार हे तिला माहीत होतं, आई येणार हे नव्हतं. तिने दार उघडलं. "अप्पा, या," म्हणाली आणि मागे तिची आई एका चपलेवर उभी. मंगलने आईच्या दोन्ही दंडांना धरलं आणि नुसती हलवत राहिली.

"हो तू मागं, च्या ठेवू दे," काकी म्हणाल्या आणि आत गेल्या. सरळ स्वयंपाकघरात. हात वर करून डाव्या फळीवरचा डबा काढला, त्यात चहापूड. खालच्या कप्प्यातून साखर. लायटर ओट्याच्या कोपऱ्यात खिळ्याला, तिथूनच घेतला.

मंगल बघत राहिली. "आई, तुला गं कसं ठावं?"

"तुजं अप्पा सांगत्यात की. हितनं आलं की दोन दिस तेच. फळी कुठं, डबा कसला, पडद्यावर फुलं कसली. मी इचारते, त्ये सांगत्यात."

मला अप्पांकडे बघवेना. उभ्या आष्ट्याने ज्या माणसाला बॅटरीपलीकडे काही दिसत नाही म्हणून हसून घेतलं, तो माणूस दर खेपेला लेकीच्या घरातला डबा न् डबा डोळ्यात भरून घेऊन बायकोकडे परत जात होता. ते दारातच उभे होते, बॅटरी छातीशी धरून.

काकींनी ओट्यासमोरची खिडकी उघडली आणि थांबल्या. समोर डोंगर उभा होता आणि त्याच्या पायथ्याशी नदीची वळलेली रेघ उन्हात चमकत होती.

"ह्ये न्हाई कवा सांगितलंसा," त्या म्हणाल्या.

अप्पांनी बॅटरी फरशीवर ठेवली. "त्येवढं तुला दावायचं ठिवलंतं."

काकी बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. मग जराशा बाजूला सरकल्या, अप्पांना खिडकीशी जागा व्हावी म्हणून.