ओळख पटवणारे भोयेसर

भोयेसर स्वतःच्या खोलीत शिरतानाही आधी दारावर टकटक करतात. आत कोणी नसतं, कारण खोली त्यांचीच. मग स्वतःच विचारतात, "कोण?" आणि स्वतःच सांगतात, "भोये, संगणक विभाग." समाधान झालं की आत जातात. जव्हारच्या या दवाखान्यात मी नर्स म्हणून नवी होते तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं, आणि आल्या पावली परत जावं असं वाटलं होतं.

संगणक विभाग म्हणजे भोयेसर एकटेच. पेशंटचे रिपोर्ट आमच्याकडे संगणकात असतात. ते कोणाला दिसावेत हे सर ठरवतात. त्यासाठी त्यांच्याकडे एक चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहे. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि बाणांनी जोडायचे. पहिल्या चौकोनात अंगठा, तो जुळला नाही तर दुसऱ्यात मोबाइलवर आलेला आकडा, शेवटी हिरवा चौकोन, म्हणजे रिपोर्ट उघडला. काहीच जुळलं नाही तर लाल चौकोन. तिथे रस्ता संपला.

हे चौकोन सरांच्या अंगातच भिनलेत. दवाखान्यातल्या चहाचाही नकाशा त्यांनी भिंतीवर लावलाय. 'दूध आहे का?' असा चौकोन आणि पुढे बाण. आमचे शिपाई गणूमामा म्हणाले, "सर, दूध नसलं तर मी आणतो की. बाण कशाला?"

"मामा, वाट कागदावर पाहिजे," सर म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यांच्या कडकपणाला कारण होतं. एका बाईचा रिपोर्ट तिच्या दिराने गोड बोलून पाहून घेतला आणि तिचं आजारपण गावभर झालं. तेव्हापासून पेशंटची ओळख पटल्याशिवाय डॉक्टरांनाही जुना रिपोर्ट दिसत नसे.

आणि मग दाभोसा गावच्या जयवंतीआजी आल्या. अंगठा जुळेना. पुसून लावला, उजवा लावला, डावा लावला.

"भात लावून लावून घासलं रं सगळं," आजी म्हणाल्या.

"मोबाइल?" सरांनी विचारलं.

"पोराकडं. तो भिवंडीला कामाला."

लाल चौकोन. आधी कोणत्या गोळीने आजींच्या अंगाला सूज आली होती, ते त्या रिपोर्टमध्येच होतं. ते कळल्याशिवाय डॉक्टर नवी गोळी द्यायला तयार नव्हते. आजींबरोबर त्यांची शेजारीण सखूबाई होती. ती कळवळून म्हणाली, "अहो, ही जयवंतीच हाय. चाळीस वरसं शेजारी ऱ्हाते मी."

"तुमचं खरं असेल," सर म्हणाले, "पण त्याला चौकोन नाही."

दोघी जीपने परत गेल्या. सरांनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

काही आठवड्यांनी सर वॉर्डात धावत आले. "सिस्टर, फाटा आला!" मला वाटलं, खोडाळा फाट्याची जीप आली. पण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती. आता कुठल्याही चौकोनाला फाटा, म्हणजे आडवाट, फोडता येत होती, सुरू करण्याआधी त्या वाटेची तालीम घेता येत होती, आणि चुकलं तर जुनं चित्र जसंच्या तसं परत येत होतं.

पुढचे चार दिवस सरांनी आमची तालीम घेतली. गणूमामा डोक्यावरून पंचा घेऊन यायचे. "मी जयवंती."

"कोण ओळखतं तुम्हाला?"

"सगळं जव्हार!"

"सगळं जव्हार चालणार नाही. दोन माणसं सांगा."

नवी वाट अशी होती: पेशंटने आपल्या खात्रीची दोन माणसं आधीच नोंदवायची. त्याचा अंगठा आणि मोबाइल दोन्ही चालले नाहीत, तर त्या दोघांपैकी एकाने समोर येऊन स्वतःचा अंगठा द्यायचा. आजींची माणसं नोंदवायला सर स्वतः दाभोशाला जाऊन आले.

पुढच्या खेपेला आजींचा अंगठा पुन्हा चुकला. सखूबाईने आपला लावला. पडदा हिरवा झाला. डॉक्टरांनी त्या गोळीचं नाव पाहिलं आणि आजींना दुसरी दिली. सर चष्मा पुसत बसले, बराच वेळ.

त्याच दुपारी मी कर्मचाऱ्यांचीही माणसं नोंदवत होते; आमचेही रिपोर्ट त्याच संगणकात होते. गणूमामांनी दहा नावं सांगितली, आठ मी खोडली. सरांचे दोन्ही रकाने रिकामेच होते.

"सर, तुमचं राहिलंय."

"भरतो नंतर."

"आत्ताच भरू या की."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आई गावी, पोशेऱ्याला होती, ती गेली. इथे सगळे ओळखतात मला, सिस्टर. पण माझ्यासाठी जीप पकडून कोण येणार?"

आजी जीपची वाट पाहत तिथेच बाकावर बसल्या होत्या. औषधाची पुडी पदराला बांधता बांधता म्हणाल्या, "मी येन ना, अंगठ्याला सखूला घेऊन. लिव. जयवंती."

एकेक अक्षर शोधत सरांनी नाव लिहिलं, मग आजींना वाचून दाखवलं. आजींनी मान हलवली.

दुसऱ्या रकान्यासाठी मी माझं नाव सांगितलं.

"ओळखपत्र दाखवा, सिस्टर," सर नेहमीच्या कडक आवाजात म्हणाले.

मी गळ्यातलं काढून दिलं. माझं नाव वाचायला लागेल त्याहून कितीतरी जास्त वेळ त्यांनी ते हातात धरलं. मग रुमालाने दोन्ही बाजूंनी पुसलं आणि परत दिलं.