मेश्राम सिस्टरचा चार्ज

आमच्या गल्लीचा चार्ज रोज सकाळी आठ वाजता माझ्याकडे येतो. म्हणजे असं की, शेजारच्या मेश्राम सिस्टर पांढरी कडक इस्त्रीची साडी नेसून आमच्या फाटकाशी उभ्या राहतात आणि गल्लीची हालहवाल मला घरनंबराप्रमाणे ओळीने सांगतात. हॉस्पिटलात ड्यूटी संपलेली नर्स दुसरीला एकेक पेशंट समजावून देते ना, अगदी तसं. मी दात घासत असलो तरी ब्रश तोंडातून काढून ऐकावं लागतं.

"एक नंबर, काका, खोकला सेम. दोन नंबर, वहिनी, बीपी वाढलेलं, लोणचं बंद सांगितलं, ऐकून नाही राहिल्या. पाच नंबर, नळ नाही आला. सहा नंबर, सून काल डिस्चार्ज, माहेरी गेली. बाकी सेम, कंटिन्यू."

यावर मी "चार्ज घेतला" असं म्हणायचं. नुसतं "हव" म्हटलं तर चालत नाही. एकदा मी पेपर वाचता वाचता "घेतला, घेतला" म्हटलं, तर बाईंनी विचारलं, "दोन नंबरले काय आहे, सांगा बरं भाऊ?" मी पेपर खाली ठेवला. पुन्हा एक नंबरच्या खोकल्यापासून सुरुवात झाली, आणि शंकर नगरच्या ऑफिसात मी अर्धा तास उशिरा पोचलो. साहेबाला कारण काय सांगणार, कप्पाळ?

तात्यापाऱ्यात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या या मराठी मोहल्ल्यात, त्या राहायला आल्या त्याला बारा वर्षं झाली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मोठ्या हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. घरालाही त्यांनी वॉर्ड करून टाकलं. भेटायची वेळ चार ते सहा. सातला कोणी गेलंच तर दारातूनच, "उद्या या जी, आता राउंड आहे." कसला राउंड, तर खिडक्या लावायच्या आणि गॅस बंद आहे का ते बघायचं.

माझी मुलगी प्राची हिने नर्सिंगचा फॉर्म भरला आणि सिस्टरच्या चार्जमध्ये आमचं घरही आलं. "चार नंबर, प्राची, वय अठरा, लिस्टची वाट. खाणं कमी, मोबाइल जास्त. ऑब्झर्वेशन." हे मलाच, माझ्याच घराबद्दल, माझ्याच फाटकावर.

पण हसण्यासारखं ते नव्हतं. माझ्या आईच्या शेवटच्या वर्षात तिचं सगळं प्राचीने केलं. कूस बदलणं, जखमा पुसणं, सगळं. आम्ही मोठी माणसं नाकाला रुमाल लावायचो आणि ही पोट्टी आजीशी गप्पा मारत हात चालवायची. तेव्हापासून तिच्या डोक्यात नर्सिंगशिवाय दुसरं काही नव्हतं. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर लागला. खाजगीची आमची ऐपत नव्हती, आणि नाही लागला तर कोपऱ्यावरच्या कॉलेजात बीकॉम. ते नाव काढलं की ती जेवणावरून उठून जायची.

सिस्टरनी तिला रोज चार वाजता बोलवायला सुरुवात केली. "वाट पाहताना हात रिकामे ठेवायचे नाही," हे त्यांचं म्हणणं. मग चादर घालायला शिकवली, कोपरे कसे दुमडायचे, सुरकुती कशी ठेवायची नाही. त्याचा सराव आमच्या पलंगांवर. आठवडाभर माझी चादर गादीखाली इतकी ताणून खोचलेली असायची की पाय आत घालायला बायकोची मदत घ्यावी लागे. प्राची मात्र त्या तासाभरात मोबाइलला हात लावत नसे, हे मी पाहत होतो.

पहिली लिस्ट आली. प्राचीचं नाव नव्हतं. ती रडली नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मला ते पाहवेना. मी तापट माणूस, तसाच उठून सिस्टरकडे गेलो. म्हटलं, तीस वर्षं तुम्ही एवढ्या हॉस्पिटलात काढली, एखादी मेट्रन, एखादा बाबू, कोणी तर ओळखीचं असेल. दुसऱ्या लिस्टच्या आधी एक शब्द टाका. आता लिस्ट मार्कांवर लागते हे मलाही कळत होतं, पण बापाचं डोकं अशा वेळी कुठे ठिकाणावर असतं?

"माझी कोणाशी ओळख नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

माझी सटकली. तीस वर्षांत ओळख नाही म्हणजे काय? सरळ सांगा ना की करायचं नाही. मी नाही नाही ते बोललो, आणि वरून म्हणालो की उद्यापासून चार्ज दुसऱ्या कोणाला तरी द्या.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता फाटकावर कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी निवांत दात घासायला मिळाले, आणि खोटं कशाला बोलू, अजिबात बरं वाटलं नाही. बायको म्हणाली, सिस्टरचं दार दहा दहा वाजेपर्यंत उघडत नाही. प्राची चार वाजता जाऊन आली, तर "बरं नाही" म्हणून तिलाही परत पाठवलं.

पाचव्या दिवशी, रविवारी, त्या स्वतः आल्या. बायको आणि प्राची बाजारात गेल्या होत्या. खुर्चीच्या काठावर बसल्या आणि पाणीसुद्धा न घेता बोलायला लागल्या.

"भाऊ, मी सिस्टर नव्हती. आया होती. तीस वर्षं पोछा मारला, पेशंटची शौचाची भांडी उचलली, चादरी बदलल्या. आठ वाजता सिस्टर लोक एकमेकीले चार्ज देत, तवा मी बाजूले पोछा मारत ऐकत होती. मले कोणी कधी चार्ज नाही दिला."

मग त्यांनी पुढचं सांगितलं. त्या इथे राहायला आल्या, त्या दिवशी माझ्या आईने पांढरी साडी बघून हाक मारली होती, "ओ सिस्टर, चहा घ्या." त्यांना गोड वाटलं. नाही म्हणायचं त्या दिवशी राहून गेलं, आणि मग बारा वर्षं राहूनच गेलं.

"फॉर्म मीही भरला होता," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधी, भंडाऱ्याले असताना. दोन वर्षं पोस्टमनची वाट पाहिली. दारावरून जायचा, मी उभी. हो म्हणून नाही आलं, नाही म्हणूनही नाही आलं. नाही म्हटलं असतं तं एक दिवस रडून मोकळी झाली असती. आता सगळ्यायले सांगून टाका. मी नाही देत कोणाले चार्ज."

मी कोणाला काय सांगणार? मला माझीच लाज वाटत होती. आईच्या पलंगाशी आम्ही रुमाल लावून उभे होतो आणि या बाईने ते काम तीस वर्षं केलं. मी एवढंच म्हणालो की उद्या आठ वाजता मी फाटकाशी उभा राहीन, तुम्ही या. पदराने डोळे पुसून त्या गेल्या. मी ही गोष्ट घरात बायकोलाही सांगितली नाही.

सोमवारी त्या आल्या. पाच दिवसांचा थकलेला चार्ज होता, पुरी वीस मिनिटं लागली. मी एकही नंबर चुकवला नाही.

दुसरी लिस्ट आली ती बुधवारी दुपारी. प्राचीचं नाव होतं. बस्तरकडचं कॉलेज, घरापासून लांब, पण सरकारी. मला ऑफिसात फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. मी पेढे घेऊन घरी आलो तर ती फाटकातच उभी होती. मला घेऊन ती सरळ सिस्टरकडे गेली आणि पाया पडली.

सिस्टरनी चष्मा लावला. प्राचीने मोबाइलवर आपलं नाव दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग लिस्ट वर सरकवून मागितली, अगदी पहिल्या नावापर्यंत, आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागल्या. कोणाची कोण पोरगी, कुठल्या गावची, काही माहीत नाही, पण एकही नाव सोडलं नाही. प्राची माझ्याकडे बघून हसली. मी हसलो नाही. शेवटपर्यंत पोचल्यावर त्यांनी विचारलं,

"ज्यायचं नाव नाही यात, त्यायले कळवतात का?"

"नहीं सिस्टर," प्राची नेहमीच्या शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "बस, नाम नहीं रहता. खुद ही समझ जाना पड़ता है."

सिस्टरनी मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"कळवायले पाहिजे ना बाई," त्या म्हणाल्या. "पोरी वाट पाहून राहिल्या असतात."